टोपी कुणाची, रंग कुणाचा? डच पोशाखांची जुनी छापचित्रं वापरणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
नाटकांचे वेशभूषाकार, पुस्तकांचे चित्रकार, मासिकांचे संपादक आणि मांडणीकार, तसंच कला महाविद्यालयांतले छापचित्रण आणि वस्त्रकला शिकवणारे सर्व शिक्षक,

स. न. वि. वि.

हॉलंडमधला माणूस कागदावर किंवा रंगमंचावर उभा करायचा झाला की आता संदर्भ शोधणं सोपं झालं आहे. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने २०१२ साली आपला संग्रह ‘राइक्सस्टुडिओ’ या नावाने खुला केला. ज्यांवर स्वामित्वहक्क उरलेला नाही अशी चित्रं मोठ्या आकारात, विनामूल्य उतरवून घेता येतात. त्यात डच गावांच्या पोशाखांची छापचित्रंही भरपूर आहेत. ती तुम्ही वापरता याचा आम्हांला आनंद आहे. तक्रार आहे ती वापरण्याच्या पद्धतीची. चित्र उतरवलं, पानाच्या कडेला नीट बसावं म्हणून उलटं केलं, रंग थोडे चढवले आणि खाली लिहिलं ‘पारंपरिक डच पोशाख’. असं झालं की तीनही गोष्टी चुकतात: बाजू, रंग आणि गाव.

आमची विनंती एकच आहे. छापचित्रातला कपडा हा एका माणसाने पाहिलेला आणि त्यानेच काढलेला कपडा नसतो. तो बहुधा तीन हातांतून आलेला असतो. एकाने कागदावर रेखाटन केलं, दुसऱ्याने ते तांब्यावर किंवा दगडावर उतरवलं, तिसऱ्याने छापलेल्या कागदावर ब्रशने रंग भरला. कोणता तपशील कोणाच्या हातचा आहे हे ठरवल्याशिवाय त्या चित्रावरून कपडा बेतू नका आणि चित्राखाली ओळही लिहू नका. हे कसं ठरवायचं तेच पुढे लिहितो आहोत.

आधी ज्या दोन मालिका तुमच्या हाती हमखास पडतील त्यांच्याविषयी. पहिली ॲमस्टरडॅमचा प्रकाशक एव्हर्ट मास्कांप याने १८०३ ते १८०७ या काळात काढली. रेखाटनं जाक काउपरची, तांब्यावरचं काम लुडविग पोर्टमानचं आणि रंग हाताने भरलेले. पुस्तक निघालं तेव्हा देशाचं नाव बटाव्हियन प्रजासत्ताक होतं. १८०६ मध्ये लुई बोनापार्ट राजा झाला, १८१५ मध्ये नेदरलँड्सचं राज्य आलं आणि राजवट बदलली तसं पुस्तकाचं नावही नव्या आवृत्त्यांत बदललं. चित्रं मात्र जुनीच राहिली. म्हणून उशिराच्या आवृत्तीतून घेतलेल्या चित्राखाली त्या आवृत्तीचं साल पोशाखाचं साल म्हणून देऊ नका. तो पोशाख १८०० च्या आसपासचा आहे. उशिराची छाप ओळखता येते. तांबं मऊ असतं, छापून आणि पुसून झिजतं. आधी गालांवरचे बारीक ठिपके बुजतात, मग कापडाच्या घड्यांमधल्या नाजूक रेघा फिक्या होतात. त्या पुन्हा खोल केल्या असतील तर आजूबाजूच्या रेघांपेक्षा जाड आणि काळ्या दिसतात. घडी जिथे आधी मऊ होती तिथे कडक होते, आणि शिवणाऱ्याला वाटतं की कापडच जाड होतं.

दुसरी मालिका फालेंटाइन बिंग आणि यान ब्राट फॉन यूबरफेल्ट या दोन चित्रकारांची. ती ॲमस्टरडॅमच्याच फ्रान्स बुफा आणि पुत्र यांनी १८५० च्या दशकात प्रसिद्ध केली. एकूण ५६ चित्रं, सगळी रंगीत शिळाछाप. ‘निसर्गावरून रेखाटलेली’ असं पुस्तकाच्या नावातच म्हटलं आहे, आणि टोप्यांच्या घड्या, टाचण्या, ॲप्रनच्या निऱ्या बारकाईने पाहिल्या की तो दावा खरा वाटतो. तुम्हांला एकच मालिका निवडायची असेल तर ही निवडा. इथे रेखाटन आणि छपाई यांच्यात अंतर कमी आहे. शिळाछापीत मेणट खडूने थेट दगडावर काढता येतं, कोरक्याच्या रेघेची शिस्त मध्ये येत नाही.

आता चित्र कोणत्या पद्धतीने छापलं ते ओळखा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. मूळ कागद हातात असेल तर दहापट भिंग लागेल. फाइल असेल तर पूर्ण मोठी करून पाहा. रेघ मध्ये जाड आणि टोकाला सुईसारखी निमुळती असेल तर ती ब्युरिनने, म्हणजे कोरण्याच्या टोकदार हत्याराने, तांब्यात कोरलेली आहे. रेघेची जाडी सारखी आणि टोक बोथट असेल तर ॲसिडने खाल्लेली, म्हणजे एचिंग. खडूच्या दाण्यासारखी तुटक, खरखरीत छटा असेल आणि कागदावर पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन नसेल तर शिळाछाप. आणि सगळीकडे एका मापाच्या, रांगेत बसलेल्या रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली तर ते पुस्तकातल्या छापील चित्राचं पुनर्मुद्रण आहे, मग कागद कितीही पिवळा असो. अशा पुनर्मुद्रणातल्या रंगावरून काहीही ठरवू नका. चित्राखालची बारीक अक्षरंही वाचा. नावापुढे ‘डेल.’ असेल तर तो रेखाटनकार, ‘स्कल्प.’ असेल तर कोरणारा, ‘एक्स्क.’ असेल तर प्रकाशक. एकाच माणसाच्या नावापुढे पहिल्या दोन्ही खुणा असतील तर मधला एक हात कमी झाला आणि चित्रावर भरवसा थोडा वाढला.

बाजूची चूक सर्वांत जास्त होते आणि सर्वांत कमी लक्षात येते. तांब्यावरून किंवा लाकडी ठशावरून छापलं की चित्र आरशातल्यासारखं उलटतं. कोरणाऱ्याने रेखाटन आधी उलटं करून घेतलं असेल तर छाप सरळ येते, घेतलं नसेल तर येत नाही. खालची अक्षरं सरळ आहेत म्हणून चित्र सरळ आहे असं समजू नका. अक्षरं न उलटवून चालतच नाही, म्हणून ती नेहमी उलटी कोरली जातात. चित्राच्या बाबतीत तेवढी काळजी घेतलेली असेलच असं नाही. नकला झाल्या असतील तर गोंधळ वाढतो: हॉलंडमध्ये छापलेलं चित्र दुसऱ्या देशातल्या कोरक्याने पुढे ठेवून नक्कल केलं की ते पुन्हा उलटतं. मग तुमच्या मांडणीकाराने माणसाचं तोंड मजकुराकडे हवं म्हणून संगणकावर आणखी एकदा उलटलं, तर आता कुठली बाजू खरी हे कोणालाच सांगता येणार नाही.

आणि या पोशाखांत बाजूला महत्त्व आहे. उत्तर हॉलंड आणि झेलांड या प्रांतांत श्रीमंत घरच्या बायका कपाळावर सोन्याची चपटी, वळणदार पट्टी घालत. तिला डचमध्ये सुई म्हणतात. ती टोपीखालून एका कानशिलाजवळ निघते आणि कपाळावर आडवी येते, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखी नसते. कमरेची साखळी, तिला लटकणारी कात्री आणि किल्ल्या, चांदीच्या तोंडाची थैली हीही एकाच बाजूला असतात. चित्रातले सगळे लोक डाव्या हाताने चाकू, शिवणाची सुई किंवा सूतकताईचा धागा धरताना दिसले की चित्र उलटं आहे असं धरून चाला. एकच माणूस डावखुरा असेल तर घाई नको. शंका असेल तर संग्रहालयातल्या प्रत्यक्ष कपड्याशी ताडा. आर्नेमच्या खुल्या संग्रहालयात, एंकहाउझेनच्या झाउडरझे संग्रहालयात, लेउवार्डेनच्या फ्रीस संग्रहालयात आणि मिडलबर्खच्या झेलांड संग्रहालयात प्रत्यक्ष पोशाख जपलेले आहेत.

पुढचा घोळ पट्ट्यांचा. कोरणाऱ्याजवळ करडा रंग नसतो, फक्त काळी रेघ असते. घेरदार परकराची गोलाई दाखवायला तो उभ्या समांतर रेघा मारतो. त्या पाहून परकर पट्ट्यापट्ट्यांचा होता असं वाटतं. फरक असा पाहायचा: छटेच्या रेघा उजेडाकडे येताना बारीक होत जातात आणि संपतात, पट्टा मात्र उजेडातूनही अखंड पुढे जातो. छटेची रेघ घडीच्या कडेवर तुटते. पट्टा घडीत शिरतो आणि पलीकडे थोडा सरकून पुन्हा निघतो. पट्टे बहुतेक वेळा दोन-तीन जाड्यांचे, ठरावीक क्रमाने येतात, छटेच्या रेघांना असा क्रम नसतो. चौकडीच्या बाबतीतही हेच: आडव्या रेघा घडीबरोबर वर-खाली मोडल्या तर चौकडी, सगळ्या घड्यांवरून सरळ गेल्या तर छाया. काळ्या कपड्याची वेगळीच अडचण आहे. झेलांडमध्ये आणि स्टापहॉर्स्ट, मार्केन या गावांत काळं कापड पुष्कळ वापरलं जाई, पण पूर्ण काळा छापला तर घडी दिसत नाही. म्हणून कोरणारा त्याला करड्या रेघांत सोडतो आणि रंगवणारा वर पातळ निळसर किंवा तपकिरी हात देतो. चित्रावरून राखाडी कापड घेतलेली वेशभूषा आम्ही रंगमंचावर पाहिली आहे. मूळ कापड काळंभोर होतं.

रंगाविषयी अधिक सविस्तर लिहायला हवं, कारण तुमचे प्रश्न बहुधा रंगाचेच असतात. हाताने रंगवलेल्या छापचित्रांत प्रकाशक एक नमुना तयार करून घेई आणि रंगवणारे त्यावरून प्रती रंगवत. एकाने सगळ्या प्रतींतला निळा भरायचा, दुसऱ्याने लाल, अशीही वाटणी असे. नमुना संपला, हरवला, किंवा रंग महागला की पुढच्या प्रतीत ॲप्रन हिरव्याचा निळा होई. म्हणून एकाच चित्राच्या निदान तीन प्रती, शक्यतो तीन वेगवेगळ्या संग्रहांतल्या, शेजारी ठेवून पाहा. तिन्हींत सारखा असेल तो रंग नमुन्यातला. बदलत असेल तो रंगवणाऱ्याचा. पैशा-पैशाला विकल्या जाणाऱ्या लोकचित्रांत तर साच्यातून किंवा बोळ्याने लाल-पिवळ्याचे ठप्पे मारलेले असत, रेघेच्या बाहेर ओघळलेले. त्या लालवरून परकराचा रंग ठरवणं व्यर्थ आहे.

मग रंग म्हातारे होतात. शिशाचा सफेदा दूषित हवेत काळवंडतो, त्यामुळे पांढऱ्या टोपीवर मळकट डाग दिसतात. ताम्रहिरवा तपकिरी पडतो आणि कागदच खातो. पानाच्या मागच्या बाजूला त्याच आकाराचा तपकिरी डाग उमटलेला असेल तर पुढचा तो ‘तपकिरी’ परकर एके काळी हिरवा होता. कोचिनिल या किड्यापासूनचा लाल उजेडात उडतो, गुलाबी उरतो. प्रशियन निळाही उजेडाने फिका होतो. म्हणूनच संग्रहालयं कागदावरची कामं साधारण ५० लक्स उजेडात, काही महिन्यांपुरतीच लावतात आणि मग अंधारात ठेवतात. तुम्ही वापरताना चित्राचा रंग वाढवणार असाल तर हे लक्षात ठेवा: सगळे रंग सारख्या प्रमाणात उडालेले नसतात, म्हणून सगळे सारखे चढवले तर मूळ रंग परत येत नाहीत. नवाच, तिसराच मेळ तयार होतो.

हे इतकं का सांगायचं? कारण या पोशाखांत रंग म्हणजे हौस नव्हती. सुतकाचा रंग वेगळा, सुतक फिटत आल्याचा वेगळा. फ्रीसलांडमधल्या हिंडेलोपेनला सणासुदीचा लाल दुःखात निळ्याकडे सरकत जाई. स्टापहॉर्स्टलाही लाल म्हणजे सुतक नसल्याची खूण, निळा म्हणजे घरात मृत्यू झाल्याची. उडालेल्या रंगावरून निळसर झालेला कपडा तुम्ही नवरीला घातला तर तिथल्या माणसाच्या दृष्टीने तुम्ही तिला सुतकात बसवलंत.

आता डोकं. डच पोशाखाचं गाव ठरतं ते डोक्यावरून, आणि छापचित्रात सर्वांत जास्त गडबडही तिथेच होते. फ्रीसलांडच्या बाईचं डोकं जवळून पाहा. केस घट्ट बांधून त्यावर पांढरी आतली टोपी. तीवर काळी टोपी. तीवर ओरआयझर. ही धातूची पट्टी डोक्याच्या मागून फिरून दोन्ही बाजूंना गालांजवळ टोकांनी दाबून बसते. सोळाव्या-सतराव्या शतकात ती टोपी जागेवर राहावी म्हणून घातलेली लोखंडी किंवा पितळी तारच होती. मग चांदीची झाली, सोन्याची झाली आणि रुंदावत गेली. एकोणिसाव्या शतकात फ्रीसलांडमध्ये ती दोन मोठ्या पत्र्यांची, जवळजवळ शिरस्त्राणासारखी झाली. तिच्यावर सगळ्यांत शेवटी पारदर्शक लेसची टोपी, मागे मानेवर झालर सोडलेली. काळी टोपी मध्ये का, तर सोन्याच्या कडेपलीकडे लेसची वीण उठून दिसावी म्हणून.

हे चार थर कोरणाऱ्याला एका जागी दाखवायचे असतात. तो सोन्यावर रेघा विरळ करतो, लेसच्या जागी कागद कोरा ठेवून बारीक ठिपके देतो. रंगवणारा सोन्यावर पिवळा हात फिरवतो आणि चमक यावी म्हणून वर डिंकाचं पाणी लावतो. झिजलेल्या छापेत ठिपके गेले की लेस नाहीशी होते आणि बाईने नुसतं सोन्याचं टोप घातलंय असं दिसतं. पुष्कळ चित्रांत आणि नाटकांत तसंच उचललेलं आहे. उघडं सोनं ही पोशाखाची रीत नव्हती. आणखी एक: पिवळा रंग सोनं आहे की पितळ हे छापचित्र सांगू शकत नाही. चांदी तर बहुधा कोऱ्या कागदाने आणि थोड्या करड्याने दाखवलेली असते, म्हणजे ती पांढऱ्या कापडात मिसळून जाते. धातू कोणता ते संग्रहालयातल्या वस्तूवरूनच ठरवा.

गावोगावची टोपी वेगळी, इतकंच नाही, एकाच बेटावर चर्चप्रमाणेही वेगळी. झेलांडमधल्या दक्षिण बेव्हलांडला प्रोटेस्टंट बाईची लेसची टोपी शिंपल्यासारखी लांबट गोल, कॅथलिक बाईची चौकोनाकडे झुकणारी, खालून निळसर आतली टोपी दिसणारी. १९०० च्या आसपास आणि नंतर या टोप्या मोठ्या होत गेल्या. त्यामुळे बिंग आणि ब्राट यांच्या १८५० च्या दशकातल्या चित्रांत इतक्या मोठ्या टोप्या शोधू नका. नुसतं ‘झेलांडची बाई’ असं लिहिणं म्हणजे अर्धीच माहिती देणं आहे. त्याच प्रांतात आक्सेलला खांद्यावरचा रुमाल आतून पुठ्ठा घालून कानांपर्यंत ताठ उभा केलेला असतो, आणि हा आकार दुसरीकडे कुठे दाखवला तर तिथल्या कुणालाही तो चुकीचा दिसेल. मार्केनच्या चित्रांत आणखी एक सापळा आहे: लहान मुलगेही शाळेच्या वयापर्यंत परकर घालत. चित्राखाली ‘मार्केनच्या मुली’ लिहिण्याआधी मूळ डच ओळ पाहा.

फोलेंडामची दोन पंख वर वळलेली लेसची टोपी, म्हणजे हुल, आणि गळ्यातली लाल पोवळ्यांची माळ ही जगभर ‘डच बाई’ची ओळख झाली ती चित्रकारांमुळे आणि पर्यटकांमुळे. लेंडर्ट स्पांडर याने तिथे १८८१ साली हॉटेल काढलं, परदेशी चित्रकार येऊन राहू लागले आणि एका मासेमारी गावाचा पोशाख देशाचा म्हणून जाहिरातींवर, पोस्टकार्डांवर, बिस्किटांच्या डब्यांवर गेला. हुलचा आजचा ताठ आणि उंच आकार उशिराचा आहे. सतराव्या किंवा अठराव्या शतकातल्या पात्राला ती टोपी घालू नका, आणि १८०३ च्या फ्रीसलांडच्या परकरावर तर कधीच नाही.

काळाचे असे आणखी दोन सापळे आहेत. हिंडेलोपेनचा पोशाख एकोणिसाव्या शतकात रोजच्या वापरातून जात होता. १८७७ साली लेउवार्डेनच्या ऐतिहासिक प्रदर्शनात ‘हिंडेलोपेनची खोली’ पुतळ्यांना पोशाख घालून मांडली गेली, १८७८ साली ती पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात गेली आणि अतिशय गाजली. त्यानंतरची पुष्कळ चित्रं गावात पाहून नव्हे, त्या मांडणीवरून आलेली आहेत. आणि १८९८ साली राणी विल्हेल्मिनाच्या राज्यारोहणानिमित्त ॲमस्टरडॅमला देशभरच्या पोशाखांचं प्रदर्शन भरलं, त्यानंतर पोशाखांचे ‘संच’ ठरीव होत गेले. या तारखांच्या आधीचं चित्र आणि नंतरचं चित्र यांना एकाच वजनाचा पुरावा मानू नका. उलट, चित्रकार यान टोरोपने डोम्बर्खला राहून केलेली झेलांडच्या लोकांची ड्रायपॉइंट चित्रं (सुईने थेट पत्र्यावर ओरखडून छापलेली) उशिराची असली तरी माणसं समोर बसवून केलेली आहेत. त्यांत टोपीची लेस मोजता येणार नाही, पण टोपीखाली मान कशी धरली जाते ते कळतं. अभिनेत्रीला दाखवायला याहून चांगलं काही नाही.

इतकी सावधगिरी सांगितली म्हणून छापचित्रं टाकाऊ आहेत असं मानू नका. काही गोष्टींत ती संग्रहालयातल्या कपड्यापेक्षा जास्त खरी आहेत. पेटीतला रुमाल सपाट असतो, तो किती घड्यांनी, किती टाचण्यांनी, खांद्यावर किती उंच बसत होता हे चित्रच सांगतं. दुसरं उदाहरण हिंडेलोपेनच्या वेंत्केचं. वेंत्के म्हणजे पुढून उघडा, लांब, कमरेखाली घेर असलेला अंगरखा. चांगला वेंत्के चिटाचा, म्हणजे रंगीत नक्षीच्या सुती कापडाचा असे. हे चीट कोरोमंडल किनाऱ्यावरून डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून जाई, तशीच निळी-पांढरी, लाल-पांढरी चौकडीची सुती कापडंही. त्या चिटाची कृती अशी: कापड हिरड्याच्या आणि दुधाच्या पाण्यात बुडवून वाळवायचं, तुरटी आणि लोखंडाचं पाणी कलमाने रेखाटायचं, मुळांच्या लाल रंगात उकळायचं म्हणजे तुरटीच्या जागी लाल आणि लोखंडाच्या जागी काळा चढतो. मग निळा नको तिथे मेण लावून कापड निळीत बुडवायचं. हिरवी पानं शेवटी, निळीवर पिवळा हात फिरवून. हा वरचा पिवळा सगळ्यांत कच्चा, धुण्यात आणि उन्हात आधी तोच जातो. म्हणून जुन्या चिटांवर आज पानं निळी दिसतात. ती नवी असताना हिरवी होती, आणि जुन्या छापचित्रात हिरवी पानं दिसली तर इथे चित्र बरोबर आहे. चीट हाताने काढलेलं आहे की ठशाने छापलेलं, हे पाहायला नक्षीची पुनरावृत्ती शोधा: ठशाच्या जोडावर रेघ किंचित सरकते किंवा दुहेरी होते, कलमाच्या रेघेची जाडी श्वासागणिक बदलते. छापचित्रातल्या चिटावर मात्र नक्षी मोजू नका. कोरणाऱ्याने तिथे दोन-चार फुलं टाकून वेळ मारून नेलेली असते.

शिक्षकांना एक खास सुचवणी. पोशाखच जिथे छापकाम आहे असा एक प्रकार तुमच्या वर्गात सहज होण्यासारखा आहे: स्टापहॉर्स्टचं ठिपकाकाम, स्टिपवेर्क. हे विसाव्या शतकातलं काम आहे, म्हणून बिंगच्या चित्रांत ते सापडणार नाही. क्राप्लाप, म्हणजे खांद्यांवरून छाती-पाठीवर पडणारा ताठ चौकोनी तुकडा, आणि टोपी यांवर ते करतात. साधन म्हणजे खिळे. १ ते ६ मिलिमीटर डोक्याचे पाच-सहा खिळे घ्या, डोकी कानशीने सपाट घासा आणि प्रत्येक खिळा बुचात असा खोचा की डोकं बाहेर राहील. काळं, घट्ट विणीचं सुती कापड धुऊन त्यातली खळ काढून टाका, इस्त्री करा आणि लाकडी फळीवर टाचून घ्या. खाली एक पातळ ब्लँकेटची घडी हवी, नाहीतर ठिपक्याच्या मध्यभागी रंग बसत नाही. पूर्वी तैलरंग वापरत, वर्गात कापडाचे ॲक्रिलिक चालतात. रंग दह्याइतका घट्ट हवा, त्याचा एक मिलिमीटर थर काचेवर पसरा. खिळा थरावर टेकवा, कापडावर सरळ खाली, सरळ वर. एकदा रंग घेतला की एकच ठिपका. दुसरा काढायला गेलात तर तो मध्ये पोकळ येतो.

आधी मधला मोठा ठिपका, मग त्याभोवती सहा किंवा आठ मध्यम, मग पाकळ्यांच्या फटींत बारीक. रंग बदलताना आधीचा थर वाळू द्या, नाहीतर पांढरा ठिपका लालात बुडून गुलाबी होतो. चुका ठरलेल्या आहेत: ठिपक्याला चंद्रकोर आली तर खिळा कलला होता, कडेला केसासारखे धागे फुटले तर रंग पातळ आहे, ठिपक्याला शेपूट आलं तर हात उचलताना सरकला. दुसऱ्या दिवशी उलट बाजूने इस्त्री फिरवून रंग पक्का करा. लाल-पिवळा-हिरवा एक तुकडा आणि निळा-जांभळा-पांढरा एक, असे दोन तुकडे करून घेतले तर सुतकाचा रंग कसा वेगळा वाटतो हे विद्यार्थ्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

वेशभूषाकारांसाठी थोडं ताठपणाविषयी. स्पाकेनबर्खचा क्राप्लाप, झेलांडच्या टोप्या हे सगळं खळीवर उभं आहे. तांदळाच्या पिठाची खळ लिटरभर पाण्याला ६० ते ८० ग्रॅम घालून शिजवली, गाळली आणि ओलसर असतानाच इस्त्री केली तर सुती कापड पुठ्ठ्यासारखं होतं. पण कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यातल्या प्रयोगांना ती दोन तासांत पडते. तिथे आतून बकरम घाला आणि खळ फक्त वरच्या थराला द्या. लेसच्या टोपीला बकरम घालू नका, पारदर्शकपणा जातो. कडेच्या शिवणीत बारीक तार घाला.

संपादकांना आता शेवटचं, चित्राखालच्या ओळीबद्दल. चित्र उलटवू नका. पानावर बसत नसेल तर पान बदला. ओळीत गाव लिहा, प्रांतावर थांबू नका. रेखाटनकार, कोरणारा किंवा शिळाछापकार आणि प्रकाशक यांची नावं द्या. पद्धत लिहा, रंग हाताने भरलेला असेल तर तसं लिहा आणि संग्रहालयाचा वस्तुक्रमांक जोडा. राइक्सम्युझियमच्या छापचित्रांचे क्रमांक ‘आरपी-पी’ने सुरू होतात आणि तेवढ्यावरून वाचक मूळ चित्रापर्यंत जाऊ शकतो. ओळ अशी दिसेल: ‘हिंडेलोपेन, फ्रीसलांड. रेखाटन: जाक काउपर, तांब्यावर: लुडविग पोर्टमान, प्रकाशक: एव्हर्ट मास्कांप, ॲमस्टरडॅम, १८०३–१८०७. ताम्रछाप, रंग हाताने भरलेला. वस्तुक्रमांक: आरपी-पी-… उजवी-डावी बाजू पडताळलेली नाही.’ शेवटचं वाक्य लिहायला संकोच करू नका. पडताळली असेल तर कोणत्या वस्तूवरून तेही लिहा.

आपले,
छापचित्रण आणि वस्त्रकाम करणारे काही जण